कंपनी गेली, गाडी रस्त्यावरच: जुनी इकोस्पोर्ट घ्यावी का? मालकांचा अनुभव काय सांगतो

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि इकोस्पोर्टचे मालक एका रात्रीत अडचणीत आले. गाडी चांगली चालत होती, पण विकायला काढली तर भाव पडलेला. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगर कारखान्यातून २०२२ च्या उन्हाळ्यानंतर शेवटच्या गाड्या बाहेर पडल्या आणि तो अध्याय संपला.

पण गाड्या संपल्या नाहीत. जून २०१३ मध्ये बाजारात आलेली ही चार मीटरच्या आतली एसयूव्ही आजही बेळगाव, निपाणी, म्हापसा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा अशा सगळीकडे दिसते. सेकंड हँड बाजारात त्याच वर्षाच्या मारुती ब्रेझा किंवा ह्युंदाई क्रेटापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. साहजिकच पहिल्यांदा मोठी गाडी घेणाऱ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं.

चौकशीला सुरुवात केली की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक मालक म्हणतो, "डोळे झाकून घ्या, रणगाडा आहे." दुसरा म्हणतो, "फुकट दिली तरी नको." गंमत म्हणजे दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, कारण इकोस्पोर्ट या एका नावाखाली चार वेगळ्या तऱ्हेची यंत्रं विकली गेली. त्यातलं कुठलं आपल्या वाट्याला येतंय आणि आधीच्या मालकाने ते कसं सांभाळलंय, यावर पुढची पाच वर्षं सुखाची की गॅरेजच्या फेऱ्यांची हे ठरतं.

नाव एक, इंजिनं चार

गाडी पाहायला जाण्याआधी आरसीवरचं वर्ष आणि इंजिन नीट वाचून घ्यावं.

पहिलं, १.५ लिटरचं टीडीसीआय डिझेल. हे २०१३ पासून शेवटपर्यंत मिळत होतं.

दुसरं, १.५ लिटरचं चार सिलिंडरचं टीआय-व्हीसीटी पेट्रोल. हे २०१७ पर्यंत होतं. त्यात साधा गिअर आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असे दोन प्रकार.

तिसरं, १ लिटरचं इकोबूस्ट टर्बो पेट्रोल. सुरुवातीच्या वर्षांत आणि पुन्हा २०१८ मध्ये आलेल्या 'एस' मॉडेलमध्ये.

चौथं, नोव्हेंबर २०१७ च्या नव्या रूपासोबत आलेलं १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं ड्रॅगन पेट्रोल. याच्यासोबतचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधीपेक्षा वेगळा, टॉर्क कन्व्हर्टरवाला.

डिझेल: मोठा पल्ला मारणाऱ्यांचं आवडतं

मालकांकडून सर्वांत जास्त कौतुक ऐकायला मिळतं ते डिझेलचं. १,४९८ सीसीचं हे इंजिन सुरुवातीला ९१ पीएस ताकदीचं होतं, पुढे २०१५ मध्ये ते १०० पीएसचं झालं. हायवेला स्थिर, घाटात दम न सोडणारं आणि अॅव्हरेजला चांगलं, असा त्याचा लौकिक. दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या, पण इंजिन कधी न उघडलेल्या गाड्या सापडतात. हेच डिझेल फिगो, अस्पायर आणि फ्रीस्टाईललाही होतं. त्यामुळे हात बसलेले मेकॅनिक मिळतात आणि पार्टही तुलनेने सहज मिळतात.

पण या इंजिनाला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे, आणि जुन्या गाडीत खरी मेख तिथेच. बेल्ट रबराचा असतो. किलोमीटर कमी झाले तरी वयाने तो कडक होतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलण्याचा खर्च इंजिनकामाच्या मानाने किरकोळ आहे. म्हणून अनुभवी मालक एक नियम सांगतात: बेल्ट बदलल्याचं बिल विकणाऱ्याने दाखवलं नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कापून घ्यायचे.

टर्बो आणि इंजेक्टर या दोन गोष्टी तेल आणि डिझेलवर जगतात. ऑइल बदलायला चालढकल झाली की टर्बोला नीट वंगण पोचत नाही. खेडेगावातल्या पंपावरचं पाणीमिश्रित डिझेल आणि वेळेवर न बदललेला फिल्टर यांनी इंजेक्टर खराब होतात. सकाळी थंड गाडी स्टार्ट व्हायला वेळ लागणं, काळा धूर आणि चढावर ताकद कमी वाटणं ही त्याची लक्षणं. चोर्ला किंवा आंबोली घाटातून सतत ये-जा केलेल्या गाडीचा क्लचही तपासावा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली असं समजावं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. हायवेच्या लांब प्रवासात तो तापतो आणि साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो. घर ते दुकान, दुकान ते शाळा एवढंच चालणाऱ्या गाडीत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. रोजची धाव चार-पाच किलोमीटर असेल, तर नवीन मॉडेल आहे म्हणून बीएस-६ डिझेल घेणं फायद्याचं ठरेलच असं नाही.

साधं पेट्रोल: रुक्ष पण भरवशाचं

जुनं १.५ टीआय-व्हीसीटी पेट्रोल साध्या गिअरसह असेल तर फारसं डोकं खात नाही. टर्बो नाही, गुंतागुंत कमी. मालकांची मुख्य तक्रार अॅव्हरेजची आणि भरलेल्या गाडीत चढावर जाणवणाऱ्या कमी ताकदीची. इथेही टायमिंग बेल्टच आहे, त्यामुळे बिलाचा नियम तोच. गुजरात, मध्य प्रदेशकडच्या काही गाड्यांना मागाहून सीएनजी किट बसवलेलं असतं. त्याची नोंद आरसीवर आहे का ते आधी बघावं. नोंद नसेल तर विमा आणि ट्रान्सफर दोन्हीत अडचण येते.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक: इथे थांबा

"फुकट दिली तरी नको" म्हणणाऱ्यांमध्ये मोठा भरणा २०१३ ते २०१७ मधल्या ऑटोमॅटिकच्या मालकांचा. फोर्ड याला पॉवरशिफ्ट म्हणायची. आत दोन क्लच असतात, एक विषम गिअरचा आणि दुसरा सम गिअरचा. कल्पना उत्तम, गिअर पटकन पडतात. पण हे क्लच कोरडे आहेत, त्यांना थंड ठेवायला तेल नाही. शहरातल्या रांगेत, सिग्नलला, चढावर गाडी मुंगीच्या पावलाने चालू लागली की ते तापतात आणि झिजतात. मग गाडी सुटताना थरथरते, झटके देते. गिअरबॉक्स चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बिघडण्याच्याही तक्रारी जगभर आल्या.

ही काही भारतीय मालकांचीच कुरकुर नव्हती. ऑस्ट्रेलियात फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टमधल्या याच गिअरबॉक्सच्या तक्रारी ग्राहकांशी नीट न हाताळल्याबद्दल २०१८ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता.

याचा अर्थ अशी प्रत्येक गाडी खराब आहे असा नाही. क्लच आणि मॉड्यूल बदलून वर्षानुवर्षं नीट चाललेल्या गाड्याही आहेत. पण हे काम प्रत्येक गावात होत नाही, त्यासाठी खास हत्यारं आणि माहितगार माणूस लागतो. हुबळी, कोल्हापूर किंवा हैदराबादपर्यंत गाडी टोइंग करून न्यायची तयारी नसेल, तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

इकोबूस्ट आणि ड्रॅगन: तेलातला बेल्ट

१ लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान मिळवला. ९९९ सीसीत १२५ पीएस म्हणजे चालवायला मजाच. मात्र म्हातारपणी हे इंजिन लाड करून घेतं.

त्याचा टायमिंग बेल्ट बाहेर कोरडा नसून इंजिनच्या आत, ऑइलमध्ये भिजून फिरतो. योग्य दर्जाचं ऑइल वेळेवर बदललं तर ठीक. पण "कुठलंही चांगलं ऑइल चालतं हो" म्हणत गॅरेजवाल्याने वेगळ्याच दर्जाचं ओतलं किंवा ऑइल फार दिवस तसंच राहिलं, तर बेल्टचं रबर हळूहळू सुटू लागतं. त्याचे तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब घटतो आणि बेल्ट तुटायच्या आधीच इंजिनला दगाफटका होतो. बेल्ट बदलणंही खर्चिक, कारण इंजिन बरंच उघडावं लागतं. युरोपात कंपनीने या बेल्टसाठी १० वर्षांची मुदत सांगितली होती. इथल्या सुरुवातीच्या इकोबूस्ट गाड्यांनी ती ओलांडली आहे.

या इंजिनाचा दुसरा नाजूक भाग म्हणजे कूलंट. कूलंटची नळी फुटली किंवा गळती लक्षात आली नाही, तर छोटं टर्बो इंजिन पटकन तापतं आणि सिलिंडर हेडपर्यंत नुकसान जातं. म्हणून बॉनेट उघडल्यावर कूलंटच्या टाकीची पातळी, रंग आणि आजूबाजूचे वाळलेले डाग बघावेत. टाकीत नळाचं साधं पाणी दिसलं तर कुठे तरी गळतंय आणि मालक वरचेवर भरतोय, असं समजायला हरकत नाही.

नंतरच्या १.५ ड्रॅगन पेट्रोलला टर्बो नाही, १२३ पीएसची ताकद आहे आणि मालक एकंदरीत समाधानी दिसतात. त्याचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सही जुन्या ड्युअल क्लचपेक्षा कितीतरी निश्चिंत. ऑटोमॅटिक इकोस्पोर्टच हवी असेल तर २०१७ अखेरनंतरचीच बघावी. फक्त एक गोष्ट विसरू नये: ड्रॅगनचा बेल्टही तेलातलाच आहे. त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल वापरल्याची बिलं इथेही मागावीत. या गाड्या अजून तुलनेने तरुण आहेत, बेल्टची खरी परीक्षा पुढच्या काही वर्षांत होईल.

सगळ्यांना लागू असलेल्या तक्रारी

इंजिन कुठलंही असो, काही गोष्टी सगळेच मालक सांगतात. २०० मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्समुळे ही गाडी खड्ड्यांतून बिनधास्त काढली जाते, त्याची किंमत पुढचं सस्पेन्शन मोजतं. खड्ड्यात 'कट-कट' आवाज येत असेल तर बहुधा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपचं माउंटिंग गेलेलं असतं. कामं मोठी नाहीत, पण तिन्ही एकदम निघाली तर खिशाला जाणवतं.

मागचा दरवाजा बाजूला उघडणारा आणि बहुतेक मॉडेलमध्ये त्यावरच स्टेपनी टांगलेली. वर्षानुवर्षं ते वजन पेलून बिजागरी सैल होते, खडखडाट सुरू होतो, दरवाजा उघडायचं बटण रुसतं. एसीची कूलिंग कॉइल गळण्याचीही तक्रार ऐकू येते. ती बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून "फक्त गॅस भरायचाय" या विकणाऱ्याच्या वाक्यावर विसंबू नये.

गोवा आणि कोकण किनाऱ्यावरच्या गाडीला गंज हा वेगळा विषय. गाडी रॅम्पवर चढवून ब्रेकच्या पाइपा, मागचा बीम आणि सायलेन्सरचे जोड खालून बघावेत. इंधन आणि ब्रेकच्या पाइपांच्या तपासणीसाठी डिझेल इकोस्पोर्टचा २०१६ मध्ये रिकॉलही निघाला होता. चॅसी नंबर देऊन आपल्या गाडीची रिकॉलची कामं झाली का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं.

पार्टचं काय?

कारखाना बंद झाला तरी सर्व्हिस आणि पार्टची व्यवस्था फोर्डने चालू ठेवली. मात्र सेंटरं आता मोठ्या शहरांत उरली आहेत, तालुक्याच्या ठिकाणी ती जवळजवळ नाहीत. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, बुश, शॉकअप या नेहमी लागणाऱ्या वस्तू बाहेरच्या कंपन्यांच्याही मिळतात. अडतं ते हेडलॅम्प, बंपर, दरवाजे, काचा आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यापाशी. तिथे वाट बघावी लागते किंवा भंगार बाजारातून जुना पार्ट शोधावा लागतो.

याचा परिणाम विम्यावर होतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जुन्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी असते. दुरुस्तीचा अंदाज त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. पार्ट महाग आणि आयडीव्ही कमी, अशा स्थितीत मध्यम अपघातातही गाडी हातची जाऊ शकते. त्यामुळे विमा काढताना आयडीव्ही कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा मोह इथे महागात पडतो.

हद्द ओलांडून आणलेली गाडी

सीमाभागात गाडी राज्याबाहेरून घेणं नवं नाही. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी बेळगावात येते, बेळगावची केए-२२ गोव्यात जाते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात ग्वाल्हेर-इंदूरकडे आल्या. भाव ऐकून हुरळून जाण्याआधी हिशेब पूर्ण मांडावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि आधी कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५. नव्या राज्याचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो, आणि कर्नाटकचा कर देशात वरच्या पायरीवरचा मानला जातो. मूळ राज्यातून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो आपोआप येत नाही आणि वेळ खातो. म्हणून कोल्हापुरात चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसलेली गाडी बेळगावच्या नंबरवर येईपर्यंत तेवढ्यालाच, कधी जास्तीलाही पडते.

आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१३ च्या पहिल्या इकोस्पोर्टना २०२८ मध्ये फिटनेस तपासणी करून नोंदणी नव्याने घ्यावी लागेल. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे, शिवाय काही राज्यांत पर्यावरण कर वेगळा. २०१३-१४ ची गाडी 'अजून दहा वर्षं चालेल' म्हणून विकली जात असेल, तर हा खर्च आत्ताच मोजावा.

बयाणा देण्याआधी

१. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी थंड इंजिनवरच स्टार्ट करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

२. सर्व्हिसची बिलं मागा. त्यातले किलोमीटर आणि मीटरवरचा आकडा जुळतो का ते बघा. मीटर मागे फिरवणं अवघड नाही, दहा वर्षांची बिलं जुळवणं अवघड आहे.

३. टायमिंग बेल्टचं बिल वेगळं विचारा. इकोबूस्ट आणि ड्रॅगनसाठी ऑइलचा दर्जा लिहिलेली बिलं.

४. फोर्ड ओळखणारा स्कॅनर लावून घ्या. पुसून टाकलेले एरर काही किलोमीटर चालवल्यावर परत दिसतात, म्हणून टेस्ट ड्राइव्हनंतर पुन्हा स्कॅन करा.

५. किमान अर्धा तास चालवा: गर्दी, खड्डे, चढ आणि हायवे. ऑटोमॅटिक असेल तर चढावर रिव्हर्स घेऊन बघा.

६. वाहनच्या वेबसाइटवर नंबर टाकून बोजा, विमा आणि थकलेली चलनं तपासा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

७. आपल्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर फोर्डचं काम करणारा मेकॅनिक आहे का, हे गाडी बघायला जाण्याआधीच ठरवा. त्यालाच सोबत न्या.

मग घ्यावी का?

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवे आणि घाट असेल, तर बिलं असलेली २०१५ ते २०१९ मधली डिझेल इकोस्पोर्ट आजही पैसे वसूल करून देते. शहरातल्या शहरात, कमी धाव असेल तर साध्या गिअरचं पेट्रोल, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर ड्रॅगन. इकोबूस्ट हौसेची गाडी आहे. जिची देखभाल कागदावर दिसते तीच घ्यावी. जुनी ड्युअल क्लच कितीही स्वस्त मिळाली तरी ती स्वस्ताई टिकत नाही.

आणि ज्यांच्या घरात ही एकच गाडी असणार आहे, जवळ फोर्डचा मेकॅनिक नाही आणि गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तर दुकान किंवा दवाखान्याचं काम अडतं, त्यांनी थोडे पैसे जास्त घालून चालू कंपनीची गाडी घ्यावी. इकोस्पोर्ट बाजारात स्वस्त आहे, कारण तिची चौकशी, पार्टची शोधाशोध आणि मेकॅनिकची जुळवाजुळव हे काम घेणाऱ्याच्या अंगावर आलंय. ते काम करायची तयारी असेल, तर कमी किमतीत दणकट गाडी दारात उभी राहते.